मदत हवी आहे: जुना डिझेल हिटर पेटत नाही, पंप कुठे मिळेल?

गोदाकाठ
सेकंडहँड डिझेल हिटर घेतला, बसवला. फॅन फिरतो, पंप टकटक करतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि चार-पाच मिनिटांनी ई-१० (न पेटल्याचा एरर कोड) दाखवून बंद. दहा वेळा तरी लावून बघितला. पंपच गेलाय. नाशिकमध्ये नवा कुठे मिळेल तेवढं सांगा, पुढच्या आठवड्यात निघायचंय.

सातपूरकर
कशात बसवलाय? गाडी, बोट की ट्रकची केबिन? किती किलोवॅटचा? १२ व्होल्ट की २४? युरोपातल्या ट्रकमधून उतरवलेले बरेच हिटर २४ व्होल्टचे असतात. पंपाचंही तसंच. आधी दोन्हींवरची पट्टी वाचा.

नावाडी_अण्णा
गंगापूर धरणावर बोटीत टाकणार असाल तर धुराचा पाइप बाजूच्या भिंतीतून पाण्याच्या बराच वर काढा आणि आतल्या बाजूने त्याला उलट्या यूसारखं वळण द्या. नाहीतर एक लाट आली की पाणी थेट जळणाच्या चेंबरमध्ये. पाइपाला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळा, फायबरला चिकटू देऊ नका. आणि पेट्रोल इंजिन असलेल्या कप्प्यात हा हिटर अजिबात नको.

गोदाकाठ
अण्णा, बोट नाही हो! ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर (झोपायची सोय असलेली गाडी) केलीय, हिमाचलातल्या स्पितीत काझाला जायचंय. हिटर चिनी, २ किलोवॅट, १२ व्होल्ट. पंप कुठे मिळेल?

डिझेलमिस्त्री
पंपाचा नाद सोडा थोडा वेळ. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाहीये. पंप मेला असता तर धूरच आला नसता.
तीन गोष्टी सांगा. वायर किती एमएमची (जाडी चौरस मिलीमीटरमध्ये) आणि किती लांब? बॅटरी कुठली? हिटर बंद कसा करता, रिमोटने की मेन स्विचने?
आणि आता परत परत स्टार्ट करू नका. प्रत्येक फसलेल्या स्टार्टला चेंबरमध्ये डिझेल साठतं. मग एकदा पेटला की ते सगळं एकदम जळतं, गल्लीभर धूर होतो आणि हिटर तापून परत बंद पडतो.

रॉकेलवाला
टाकीत रॉकेल घाला आणि अर्धा तास फुल्ल चालवा. काजळी साफ, प्रश्न मिटला.

डिझेलमिस्त्री
पेटतच नाही तो अर्धा तास चालवायचा कसा? रॉकेल चालत्या हिटरची काजळी कमी करतं, हे बरोबर. बंद हिटरला त्याचा उपयोग नाही. आणि महाराष्ट्रात आज रॉकेल शोधणं पंप शोधण्यापेक्षा अवघड आहे.

सातपूरकर
मिस्त्री, पंपही तपासायला हवा. जुन्या मालात विकणारे दुसराच पंप जोडून देतात. अंगावर १६, २२, २८ असा आकडा असतो, तो हजार ठोक्यांना किती मिली ते सांगतो. २ किलोवॅटला २८ चा पंप लावला तर डिझेल जास्त जाणार आणि हाच पांढरा धूर निघणार. तपासणी सोपी आहे: हिटरकडची नळी काढून मेडिकलमधल्या ५ मिलीच्या सिरिंजमध्ये सोडा, कंट्रोलरवरून पंप प्राइम करा (हिटर न पेटवता नुसता पंप चालवा), २०० ठोके मोजा. २२ च्या पंपाला ४.४ मिली यायला हवं.

डिझेलमिस्त्री
बरोबर, पण वायर आधी. ती तपासायला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

गोदाकाठ
वायर दीड एमएम, बॅटरी पुढे इंजिनजवळची, हिटर मागे पलंगाखाली. अंतर सहा मीटर असेल. बंद मेन स्विचने करतो, रिमोटवर बराच वेळ फॅन फिरत राहतो म्हणून. पंपावर २२ लिहिलंय.

डिझेलमिस्त्री
सापडलं बहुतेक.
सुरू होताना ग्लो प्लग (तापून डिझेल पेटवणारी कांडी) आणि फॅन मिळून साधारण १० अँपिअर ओढतात. सहा मीटर जायला, सहा यायला, अशी दीड एमएमची बारा मीटर वायर जवळजवळ १.४ व्होल्ट खाते. व्होल्टेज आठव्या हिश्श्याने पडलं की प्लगची उष्णता पाव हिश्शाने कमी होते. प्लग लाल होतो, पण डिझेलची वाफ पेटण्याइतका नाही. ६ एमएम टाका, घट अर्ध्या व्होल्टच्या आत येईल. निगेटिव्हही थेट बॅटरीपर्यंत न्या, बॉडीच्या अर्थवर भरवसा नको. फ्यूज १५ अँपिअर, बॅटरीजवळच. मग व्होल्टमीटर हिटरच्या वायरच्या कनेक्टरवर लावा आणि ग्लो चालू असतानाच बघा. बंद हिटरवर १२.५ दिसलं तर त्याला काही अर्थ नाही.
दुसरं, मेन स्विच. बंद केल्यावर तीन ते पाच मिनिटं जो फॅन फिरतो ना, तो चेंबर थंड करतो आणि उरलेलं डिझेल जाळतो. ते तोडलं की प्लगभोवतीच्या जाळीत कोळसा धरतो आणि आतली उष्णता सर्किट बोर्डाकडे जाते. जाळी शंभर टक्के बुजलेली असणार. लांब बॉक्स पान्याने प्लग काढा, जाळी बदला. जुनी खरवडून परत घालू नका, तिची भोकं उघडत नाहीत. नवी बसवताना तिची खाच हवेच्या बारीक भोकासमोर आणा. ते भोकही पातळ तारेने मोकळं करा, यात लोक हमखास चुकतात.

निफाडचा_गारठा
विषय निघालाच आहे तर, असे ५ किलोवॅटचे दोन हिटर द्राक्षबागेत लावले तर थंडीत मणी वाचतील का? शेकोट्या करून जीव जातो भो.

सातपूरकर
उघड्यावर नाही चालणार. गरम हवा सरळ वर जाते, एकरभर बागेला १० किलोवॅट म्हणजे काहीच नाही. पहाटे बागेला पाणी द्या, तेच बरं. वेगळा धागा काढा ना भाऊ.

नियमपाळ
गाडीत असा बदल करण्याआधी मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. परवानगीशिवाय...

रॉकेलवाला
साहेब, त्यांना हिटर पेटवायचाय, गाडी पासिंगला न्यायची नाहीये.

पठारी
काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, आपलं नाशिक सहाशेच्या आसपास. तिथे हवा इथल्या जेमतेम दोन तृतीयांश. डिझेल तेवढंच गेलं तर काळा धूर आणि दोन-चार रात्रींत जाळी परत बंद. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये पंपाचे कमाल हर्ट्झ (सेकंदाला ठोके) तिसऱ्या हिश्श्याने उतरवा, फॅनचा वेग तसाच ठेवा. खाली आल्यावर परत मूळ आकड्यावर. म्हणून आत्ताचे आकडे लिहून ठेवा.
डिझेलचंही बघा. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी काढलेलं हिवाळी डिझेल उणे ३३ पर्यंत वाहतं. आपल्याकडचं भरून नेलेलं थंडीत घट्ट होऊन बारीक नळीत आधी अडकतं.

नावाडी_अण्णा
बोट नसली तरी धुराचं तेच. धुराच्या पाइपाचा एकही जोड गाडीच्या आत नको. टोक बॉडीच्या कडेबाहेर, खाली, थोडं मागे. दार-खिडकीखाली नको. जळणाची हवा ओढणारा पाइप त्याच्यापासून लांब, नाहीतर हिटर स्वतःचाच धूर ओढतो. सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी निघायला बारीक भोक हवं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डोक्याच्या उंचीला लावा. त्या वायूला वास नसतो.

गोदाकाठ
आज केलं. ग्लो चालू असताना बॅटरीवर १२.३, हिटरवर १०.८. वायर ६ एमएम केली, आता हिटरवर ११.९. जाळी काढली तर कोळशाचा गोळा, प्लगसकट बाहेर आली. नवी घातली. पहिल्यांदा भरपूर धूर, मग पेटला. दीड तास चालवला.
पण आता मध्येच आवाज बदलतो, ज्योत दबल्यासारखी वाटते. नळीत बुडबुडे दिसतात. पंप?

डिझेलमिस्त्री
पंप नाही! नळी कसली आहे? हिरवी मऊ असेल तर काढून टाका. ती प्रत्येक ठोक्याला फुगते. आतून २ मिलीमीटरची कडक नायलॉन नळी घ्या. जोडात दोन्ही टोकं ब्लेडने काटकोनात कापून रबराच्या आत एकमेकांना टेकवा. मध्ये फट राहिली की तिथे बुडबुडा साठतो. आणि पंप आडवा नको. बाहेर जाणारं तोंड वर, कललेला.

गोदाकाठ
हिरवीच आहे. पंपही आडवाच, पलंगाच्या फळीला स्क्रूने. म्हणूनच रात्री टकटक डोक्यात जाते का?

सातपूरकर
हो. फळी ढोलासारखी वाजते. पंप गाडीखाली टाकीजवळ न्या, रबरी क्लॅम्पमध्ये. पंप टाकीपासून जवळ आणि हिटरपासून लांब असला तर चालतं, उलटं नाही.

निफाडचा_गारठा
जाळी कुठून घेतली?

गोदाकाठ
ऑनलाइन, पाचचं पाकीट. दोन बरोबर नेणार, दोन उरतील. नाशिकच्या द्वारका चौकात येऊन घेऊन जा, पण बागेत लावू नका.