आदल्या दिवशी भिजत घालायचे पदार्थ आणि अर्ध्या तासाचं अ‍ॅप

सोऱ्या (धागाकर्ती): गेल्या महिन्यात मी माझं घरगुती किचन एका डिलिव्हरी अ‍ॅपवरून काढून घेतलं. रागाच्या भरात नाही, वही-पेन घेऊन हिशोब मांडून. यादीत आंबोळ्या, सांदणं, पातोळ्या, हुलग्याचे शेंगोळे असं काय काय टाकलं होतं. आंबोळीचं पीठ आदल्या रात्री आंबायला ठेवावं लागतं. सांदणांना बरका फणस लागतो आणि पातोळ्यांना हळदीची पानं, तीही श्रावण-भाद्रपदात मिळतील तेवढीच. अ‍ॅपला मात्र सगळं बारा महिने, अर्ध्या तासात हवं. दोन-चारदा ऑर्डर नाकारली की आपण यादीत तळाला. मग काय चाललं? पोळी-भाजी आणि पनीर. आजीचे पदार्थ जगवायला गेले आणि पनीरची ग्रेव्ही शिकून आले!

आता रविवारी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी टाकते, बुधवारपर्यंत नोंद घेते, पैसे यूपीआयने, शनिवारी डबे. माझं म्हणणं एवढंच की या पदार्थांना अ‍ॅपची घाई मारते. त्यांना आगाऊ मागणी लागते. तुम्हाला काय वाटतं?

बोरिवली_लोकल: साफ असहमत. ताई, तुमच्या ग्रुपमध्ये आहे कोण? सोसायटीतल्या बायका, मुलाच्या शाळेतल्या आया, नात्यातले लोक. मी खानदेशातला. आई गेल्यावर खापरावरचे मांडे खाल्ले नव्हते. मुंबईत ते करून देणाऱ्या एक काकू सापडल्या त्या अ‍ॅपवरच, ओळखीपाळखीतून नाही. आणि एक बोचरं बोलतो. ओळखीओळखीने विकलं की आपल्यासारख्याच लोकांच्या ताटात जातं. अ‍ॅपवर आडनाव कोणी विचारत नाही.

सोऱ्या: आडनावाचा मुद्दा लागला. त्यावर विचार करून लिहिते.

कागदोपत्री: दोन कोरड्या गोष्टी. ग्रुपवर विकलं म्हणून कायदा सुटत नाही. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखालच्या २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी साधी नोंदणी ठेवली, फी वर्षाला १०० रुपये. १४ आकडी क्रमांक मिळतो. अ‍ॅप तो मागतं म्हणून तरी बायका काढतात. ग्रुपवर किती जणी काढतात, हात वर करा.

दुसरी बाजूही सांगतो. १ जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवरून जाणाऱ्या तयार जेवणावर ५ टक्के जीएसटी अ‍ॅपने भरायचा असतो, करणारी बाई स्वतः जीएसटीच्या मर्यादेच्या कितीही खाली असली तरी. तोच डबा तिने थेट दिला तर हा कर लागत नाही. त्यावर कमिशन, त्यावर डिलिव्हरी. गिऱ्हाइकाला शेंगोळे महाग वाटतात आणि करणारीच्या हातात त्यातलं फारसं पडत नाही.

गिरणगावची_नात: हे काही नवीन नाही. माझी आजी लालबागला गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. वाण्याकडून उधार किराणा, सावकाराचं व्याज, महिन्याच्या शेवटी हातात चिल्लर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकांची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे सावकाराच्या तावडीतून बायका सुटल्या. स्वयंपाक त्यांना आधीही येतच होता. एकेकटीला दर ठरवता येत नव्हता. आज सावकाराच्या जागी कमिशन आलंय. वीस जणींनी मिळून स्वतःची मागणी नोंदवायची सोय केली तर ते तंत्रज्ञान मला मान्य.

बोरिवली_लोकल: आणि त्या सोयीची देखभाल कोण करणार? रात्री बंद पडली तर? जाहिरात कोण करणार? मंडळं काढायला सोपी असतात, जमाखर्च लिहायला कोणी बसत नाही.

गिरणगावची_नात: आजीचा जमाखर्च भिंतीवर कोळशाने लिहिलेला असायचा दादा, आणि तो जुळायचा.

शिकाऊ_सून: विक्रीचं मला कळत नाही, पण व्हिडिओंबद्दल एक. पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळांची रानभाजी दिसली, उत्साहाने आणली. व्हिडिओतली मुलगी म्हणाली, काकडं नसली तरी चालतील. नाही चालत! घरभर सगळ्यांचे घसे खाजले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी काकडं घेऊन आल्या. ती आंबट फळं शेवळांची खाज मारतात, चवीपुरती नसतात. हे 'का' सांगणारा व्हिडिओ मिळाला तर मी रोज बघेन.

घरघंटी: तंत्रज्ञान म्हटलं की सगळ्यांना फोनच का आठवतो? कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, शिजवा, सोऱ्याने घाला, आणि गच्चीवर वाळत टाकल्या की नेमका वळवाचा पाऊस. आमच्या बचतगटाने ड्रायर घेतला तेव्हापासून एक घाणा वाया गेलेला नाही. केंद्राच्या २०२० पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, कमाल १० लाख. कागदं जमवताना जीव गेला, ते वेगळं. उन्हाची चव येत नाही असं काही जण म्हणतात. त्यांनी कावळे हाकायला यावं.

सोऱ्या: नोंदणी काढली आहे, क्रमांक ग्रुपवर लावते. अ‍ॅपवर परत जाणार नाही, पण बोरिवलीकरांचं एक पटलं. आजवर ग्रुपमध्ये कोणाला घ्यायचं ते मी ठरवत होते. आता जोडणीचा दुवा उघडा ठेवते, कोणीही या. बुधवार मात्र सुटणार नाही, गुरुवारी सांगितलेल्या आंबोळ्या मी करत नाही.

बोरिवली_लोकल: शेंगोळे, दोन डबे. आडनाव लिहू का?

सोऱ्या: नको. तिखट किती ते लिहा.