कुशिंग झालेलं कुत्रं किती जगतं?

प्रश्न:
आमची चिंगी, पॉमेरेनियन, 11 वर्षांची. पाण्याचं भांडं दिवसातून चारदा भरावं लागतंय, रात्री फरशीवर शू, पोट मडक्यासारखं सुटलंय. तपासणीत कुशिंग निघालं, म्हणजे अंगात कॉर्टिसोल नावाचं हार्मोन जास्त बनतंय. डॉक्टरांनी ट्रायलोस्टेन लिहून दिलंय. किती दिवस आहेत तिचे? आई सारखी रडतेय.

उत्तर:
ताई, धीर सोडू नका. आमच्या मोतीला दहाव्या वर्षी निघालं. त्यानंतर पावणेतीन वर्षं होता, आणि गेला तोही मूत्रपिंडामुळे. बहुतेकांत मूळ असतं मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली बारीक गाठ. गोळीने गाठ जात नाही, कॉर्टिसोल आटोक्यात येतं. उपचार घेणारी कुत्री साधारण दोन-अडीच वर्षं काढतात. कमी वाटेल, पण हा आजार मुळात उतारवयातच गाठतो. पोटाची सोनोग्राफी नक्की करा. गाठ अॅड्रिनलवर, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीवर असेल तर उपचारांची दिशाच बदलते.
गोळी जेवणासोबतच द्या. मोती दहीभात चाटूनपुसून खायचा आणि गोळी तेवढी ताटलीच्या कडेला ठेवायचा! शेवटी उकडलेल्या रताळ्यात जमलं. तहान लवकर उतरली, केस यायला मात्र कित्येक महिने लागले.

दुसरं उत्तर:
उलट्या, जुलाब, अन्न सोडणं, गळून पडणं, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. कॉर्टिसोल फार खाली गेलं तर जिवावर बेततं.

प्रश्नकर्ती:
शनिवारी सोनोग्राफी आहे. आजपासून पाणी मोजून वहीत लिहितेय. रताळी आणलीत.