ऑटोमॅटिक हॅचबॅक घ्यायचीय: डावा गुडघा, आई आणि अजिंठा चौफुली

मेहरूणकर, जळगाव

नमस्कार मंडळी. वय ५१. २०१२ ची मॅन्युअल हॅचबॅक आहे, १ लाख ४ हजार किलोमीटर झालेत, इंजिन अजून ठणठणीत. बिघाड माझ्या डाव्या गुडघ्यात आहे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, क्लच कमी दाबा. आता आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली, संध्याकाळी साडेसहाला, क्लच कमी दाबून कुणीतरी दाखवावंच. परवा मोजले. घरी पोहोचेपर्यंत ११३ वेळा. मुलगी शेजारी बसून वहीत रेघा मारत होती, म्हणून आकडा पक्का.

घरात पाच जण. आई ७४ वर्षांची. सध्याच्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरल्यासारखं वाटतं, असं ती म्हणते. उतरताना मी एक हात आणि मुलगा एक हात. बायकोचं लायसन दहा वर्षं कपाटात साड्यांखाली आहे. तिची अट एकच, क्लच नसेल तर चालवीन.

बजेट ऑन-रोड साधारण नऊ लाख. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणून तर हिंमत करतोय. रोज शहरात वीस-पंचवीस किलोमीटर, महिन्यातून दोनदा सासरवाडीला भुसावळ, आणि वर्षातून एकदा वणीचा गड.

डोक्यात वॅगन आर १.२, स्विफ्ट आणि टियागो आहेत, तिन्ही एएमटी, म्हणजे क्लच-गिअरचं काम मशीनच करतं अशा. शालक म्हणतात, घ्यायची तर आय-२० सीव्हीटीच घ्या, म्हणजे गिअरच्या पायऱ्याच नसलेली ऑटोमॅटिक. त्यांचं काय, त्यांना फक्त मत द्यायचंय.

एका शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला गेलो. तिथला पोरगा हायवेवर सरळ घेऊन गेला, गाडीत आम्ही दोघंच. म्हटलं, शिवाजीनगरच्या पुलावर चढवू. म्हणे, साहेब, पेट्रोल कमी आहे. तेव्हाच शंका आली.

प्रश्न असा: गर्दीत, चढावर, मे महिन्यात एसी लावून, पाच माणसं घेऊन एएमटी कशी वागते? क्लच लवकर जातो हे खरं का?

वर्कशॉपवाला, भुसावळ

भाऊ, पहिले एक गोष्ट. एएमटीत क्लच असतो. फक्त तुमचा पाय नसतो. आत तोच साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. भारतात ही भानगड २०१४ ला सेलेरिओतून आली. मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजार जास्त मोजले की मिळते, म्हणून चालली. गिअर पडताना मान किंचित पुढे जाते, कारण तेवढा वेळ इंजिनाची ओढ तुटते. गिअर बदलतोय असं वाटलं की अॅक्सिलेटर जरा सैल सोडा, झटका बराच कमी होतो.

क्लच जातो तो माणसामुळे. माझ्याकडे एक गाडी आली, २८ हजार किलोमीटरला प्लेट काळी ठिक्कर. मालकाला विचारलं, चढावर थांबता कसे? म्हणे, ब्रेक कशाला, अॅक्सिलेटर थोडा दाबून धरतो, गाडी जागच्या जागी राहते. अहो, ती राहते क्लच घासून! जळलेल्या क्लचचा वास एकदा आला की विसरत नाही, करपलेल्या कागदासारखा. चढावर ब्रेक धरा. पुढे निघताना क्षणभर गाडी धरून ठेवणारा हिल होल्ड आहे का ते त्याच व्हेरिएंटच्या कागदावर बघून घ्या. सिग्नल लांबला तर न्यूट्रल.

सीव्हीटीत गिअरच्या पायऱ्या नाहीत. दोन पुल्या आणि मधे लोखंडी पट्टा, पुल्यांची रुंदी बदलत जाते. म्हणून लोण्यासारखी चालते. दाबून हाणली तर इंजिन आधी ओरडतं, वेग मागून येतो. पण तुम्ही काय शर्यत लावणार आहात? गुडघ्याला आराम दोन्हीत सारखाच. फरक मानेला आणि खिशाला.

देवपूरची ताई, धुळे

मेहरूणकर दादा, मी तीन वर्षांपासून एएमटी चालवते, त्याआधी फक्त स्कूटी. वहिनींना सांगा, पहिला आठवडा डावा पाय सीटखाली ओढून बसायचं. माझा पाय सवयीने क्लच शोधायचा (क्लासच्या गाडीची सवय!) आणि सापडायचा ब्रेक. पाच कंदिलाच्या गर्दीत असा कचकन दाबला की मागच्या फळवाल्याची हातगाडी डिकीपासून वीतभर अंतरावर थांबली. तो काय काय बोलला ते इथे लिहीत नाही.

दुसरं, बऱ्याच एएमटीत पी नसतो. आर, एन, डी आणि मॅन्युअल, एवढंच. म्हणजे हँडब्रेक विसरायचा नाही. मी एकदा एनमध्ये ठेवून, हँडब्रेक न ओढता किराणा घ्यायला उतरले. गाडी आपली हळूहळू शेजारच्या काकूंच्या तुळशीकडे निघाली. तेव्हापासून आधी हँडब्रेक, मग किल्ली, मग दार.

आणि आईंना शोरूममध्ये न्याच. कागदावर सगळ्या गाड्या ऐसपैस असतात. वॅगन आरची उंची १६७५ मिलिमीटर, स्विफ्टची १५२०. हा सहा इंचांचा फरक आपल्याला दिसत नाही, गुडघ्याला कळतो. आमच्या सासूबाई उंच गाडीत नुसत्या मागे सरकून बसतात, वाकावं लागत नाही.

चाळीसगावकर

सीएनजी पाहिजे असेल तर टियागोत एएमटीसोबत मिळते, २०२४ पासून. बाटले दोन छोटे, डिकीत तळाला, त्यामुळे बॅगा बसतात. पण पंपावरची रांग बघूनच ठरवा. पेट्रोलचे पैसे वाचतात, रविवार जातो.

मेहरूणकर, जळगाव

सगळ्यांचे आभार. रविवारी दुसऱ्या शोरूमला गेलो, पाचही जण. सेल्समन आधी हसला. आईला घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याने बहुतेक पाहिलं नसावं.

स्विफ्टमध्ये आई बसली, पण उतरताना तिने दाराची कड धरली आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. वॅगन आरमध्ये एकटी चढली, एकटी उतरली, परत चढली. म्हणाली, "ही बैलगाडीसारखी आहे, चांगली आहे." सेल्समनला ती तारीफ आहे हे समजावून सांगावं लागलं.

मग शिवाजीनगर पूल. पाच माणसं, एसी तीनवर. मुद्दाम चढावर मधेच थांबवली, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता तरी. ब्रेकवरून पाय काढला, गाडी क्षणभर जागेवर थांबली, मग निघाली. पहिल्याचा दुसरा पडताना मान हलली हे खरं. वर्कशॉपवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे अॅक्सिलेटर सैल सोडून पाहिला, झटका निम्मा झाला. उताराला मॅन्युअलमध्ये टाकून दुसऱ्यात आणली, ब्रेक फारसा लागला नाही. गडावरून पायथ्याच्या नांदुरीला उतरताना हेच करायचं.

सीव्हीटीही चालवली, शालकांच्या समाधानासाठी. खोटं कशाला बोलू, फार गोड चालते. पण तिची लांबी ३९९५ मिलिमीटर, आणि आमच्या गल्लीत पाण्याच्या टँकरच्या दिवशी वळताना माझी जुनीच कशीबशी निघते. वॅगन आर ३६५५ ला संपते. आणि आई त्यातही "विहीर"च म्हणाली.

एकच गोष्ट खटकली, वॅगन आरमध्ये मागे एसीचे झरोके नाहीत. मे महिन्यात मागे बसणाऱ्या पोरांचं तोंड आत्ताच डोळ्यासमोर येतंय. काचांना उन्हाचे पडदे लावून भागतं का? मागे पोरं बसवून चालवणाऱ्यांनी सांगावं. बुकिंग शनिवारी करतोय. बायकोने लायसन साड्यांखालून काढलंय, फोटोतल्या स्वतःला बघून हसत बसलीये.

देवपूरची ताई, धुळे

पडदे लावाच, आणि निघायच्या आधी चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा. धुळ्यात तरी तेवढ्यावर भागतं. पुढचे झरोके वर छताकडे वळवायचे, हवा मागे जाते. वहिनींना पहिल्या दिवशी आकाशवाणी चौकात नेऊ नका, मेहरूण तलावाच्या बाजूला न्या, सकाळी सहाला.