वायर न घालता कॉम्प्युटरला बाबांच्या हृदयातलं प्रेशर कसं काय कळतं?

पोफळीवाला, गुहागर
नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६७) शिंपणं करताना छातीत भरून यायचं म्हणून चिपळूणला दाखवलं, मग सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं स्कॅन) झाली आणि रिपोर्टात एलएडीला (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी धमनी) ६० टक्के ब्लॉक आलाय. आता डॉक्टर म्हणतात स्टेंटची घाई नको, आधी एफएफआर (ब्लॉकच्या पलीकडचं प्रेशर अलीकडच्या किती पट उरतं तो आकडा) बघू, एकतर मनगटातून वायर घालून नाहीतर हीच सीटी कॉम्प्युटरला देऊन. बाबा म्हणतात, "तो कॉम्प्युटर काय माझ्या हृदयात जाऊन आलाय?" खरं सांगू तर मलाही तेच वाटतंय, सीटी म्हणजे शेवटी फोटो, फोटोत प्रेशर कुठून येणार? आणि ६० टक्के म्हणजे अर्ध्याहून जास्त बंदच की. आई म्हणते एकदाचा टाकून घ्या.

खाडीपलीकडचा
मी डॉक्टर नाही, कॉलेजात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवतो, त्यामुळे तेवढंच सांगतो. हे ६० टक्के बहुतेक वेळा व्यासाचे असतात. ३ मिमीची नळी असेल तर उरली १.२ मिमी, म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ मूळच्या फक्त १६ टक्के. हे आईंना लगेच सांगू नका :) कारण खरा प्रश्न पुढेच आहे. तुमच्या बागेत पंपाचा पाइप मध्येच दगडाखाली चेपलाय असं धरा. एकच नळ चालू असेल तर बादली पहिल्यासारखीच भरते, चारही सोडले की शेवटच्या आळ्यात पाणी पोचत नाही. हृदयाचंही तसंच, बसलेल्या माणसाला पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून सांभाळून घेतात, पण शिंपणं करताना रुंदावायला काही उरतच नाही.

कॉम्प्युटर काय करतो, तर सीटीवरून नळीचा थ्रीडी आकार काढून त्याचे लाखो बारीक तुकडे पाडतो आणि प्रत्येकात वेग नि प्रेशरची समीकरणं सोडवतो (नेव्हिए-स्टोक्स). पण नुसत्या आकारावर भागत नाही. सुरुवातीचं प्रेशर दंडावरच्या बीपीवरून घेतात, किती रक्त लागेल ते हृदयाच्या स्नायूच्या वजनावरून, आणि सीटीत न दिसणाऱ्या बारीक वाहिन्यांचा विरोध गणितात कमी करून धरतात, औषध देऊन त्या रुंदावल्यासारखं. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी पाणी कसं धावतं आणि बाहेर पडल्यावर भोवरे होतात, तसंच अरुंद जागेच्या पुढे होतं. भोवऱ्यात गेलेलं प्रेशर परत मिळत नाही आणि हा तोटा प्रवाह दुप्पट झाला की चौपट होतो.

कुडाळकर_भाऊ
म्हणजे शेवटी अंदाजच मां? आणि रक्त काय पाणी हा? पेज नि पाणी एकाच पाइपातसून सारख्याच जाता काय? तेचा काय केलानी?

खाडीपलीकडचा
पेजेचा मुद्दा बरोबर आहे भाऊ, रक्त पाण्याच्या तिपटी-चौपटीने चिकट आणि संथ वाहताना अजून दाट. पण एवढ्या मोठ्या नळीत ते जोरात वाहतं, तिथे चिकटपणा एकच धरला तरी फारसं बिघडत नाही. खरी भानगड मापाची आहे. प्वाझयी नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या दशकात काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून दाखवलंय की विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. १.२ च्या जागी १ मिमी मोजलं की गणितात विरोध दुप्पट! आणि ब्लॉकमध्ये साठलेलं कॅल्शियम सीटीत आहे त्यापेक्षा फुगून दिसतं. त्यामुळे अंदाज हा शब्द मी खोडणार नाही.

देवरुखची_लेक
११ वर्षं मुंबईत कॅथलॅबला (जिथे वायर घालून हृदयाच्या नळ्या तपासतात) टेक्निशियन आहे. आम्ही ०.०१४ इंचाची वायर ब्लॉकच्या पलीकडे नेतो, अ‍ॅडेनोसिन हे बारीक वाहिन्या रुंदावणारं औषध देतो (पेशंटला मिनिटभर छातीत दाटल्यासारखं होतं) आणि दोन्हीकडचं प्रेशर बघतो. महाधमनीत १०० आणि पलीकडे ७६ असेल तर एफएफआर ०.७६. ०.८० किंवा कमी असेल तर स्टेंटचा विचार. २००९ साली १००५ पेशंटांची फेम ट्रायल आली, त्यात ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या ब्लॉकपैकी जेमतेम ३५ टक्के या रेषेखाली निघाले. म्हणजे काका, ६० टक्के वाचून काहीच ठरत नाही, तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. सीटीवरून काढलेल्या एफएफआरला अमेरिकेत २०१४ ला परवानगी मिळाली. त्यात आकडा ०.८० च्या आसपास लोंबकळला तर मात्र वायर घालूनच बघा. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा, कॅल्शियम किती आहे, आणि सीटीच्या आधी जिभेखाली नायट्रोचा फवारा दिला होता का, नाहीतर नळ्या आहेत त्याहून बारीक दिसतात. आणि बसल्या जागी दुखलं तर ह्या धाग्यावर लिहीत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पोफळीवाला, गुहागर
फवारा दिलेला, नंतर दिवसभर डोकं धरून बसलेले ते आठवतंय. कॅल्शियमचं उद्या विचारतो. पाइपाचं उदाहरण बाबांना सांगितलं तर "कुठे चेपलाय?" म्हणून बॅटरी घेऊन बागेत निघालेत, आधी त्यांना बसवतो.