वेळ कमी केली की गर्दी वाढते

कोरोनाकाळातल्या नियमांबद्दल 'निर्बंध म्हणजे सगळं थोतांड, रोग काय घड्याळ बघून येतो का' असं एकाने लिहिलंय, ते अर्धंच पटलं. आमच्या मालवणाकडच्या बंदरावर २०२० च्या उन्हाळ्यात मासळी विकायला सकाळचे जेमतेम तीन तास मिळत. एरवी दिवसभर पांगलेलं गिऱ्हाईक मग त्या तीन तासांत एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बांगड्याच्या पाटीत हात घालायचं. अंतर ठेवायला फक्कीने आखलेली वर्तुळं पहिल्या तासातच मासळीच्या पाण्याने धुऊन जात. नियम करणारा पिशवी घेऊन कधी बाजारात गेला नसावा.

पण गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांचं विलगीकरणही तसंच बिनकामाचं, हे मान्य नाही. १४ दिवसांचे १० केले तेव्हा 'रोगाने सवलत दिली काय' अशी चेष्टा झाली. लक्षणं बहुतेकांना पाचेक दिवसांत दिसत, १४ ही वरची मर्यादा. म्हणजे १० मध्ये थोडी जोखीम पत्करली, इतकंच. माझा चुलतभाऊ मुंबईहून आला तो थेट मांगरात (घरापासून वेगळ्या खोपीत) राहिला. आई पेजेचा टोप नि अळूची भाजी गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवून हाक मारायची आणि मागे फिरायची (श्रावण, त्यामुळे मासळीचं नावच नाही, ह्याचाच त्याला जास्त राग). सहाव्या दिवशी ताप आला, तपासणीत कोरोना निघाला. घरात ८४ वर्षांची आजी होती, तिला काही झालं नाही.

ज्यांना शाळेत ठेवलं त्यांचं मात्र वेगळं. बारा माणसं, एक संडास. तिथे कोण कोणापासून विलग होतं, देव जाणे.