शिक्षा भोगलेला गुप्तहेर खासगी व्यवसायात टिकू शकतो का?

अंबाजोगाईकर:
नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडनवर दीर्घकथा लिहीत आहे. तिचा नायक स्कॉटलंड यार्डमधील अधिकारी असून, लाच घेतल्याबद्दल शिक्षा भोगून आल्यावर तो खासगी चौकशीचा व्यवसाय थाटतो. संपादकांचे म्हणणे असे, की तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाकडे कोणीही आपले गुपित घेऊन जाणार नाही, त्यामुळे कथेचा पायाच कच्चा आहे. हे कितपत खरे आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

परभणीचा वाचक:
संपादकांची शंका इतिहासाला धरून नाही. 1877 मध्ये ओल्ड बेली न्यायालयात यार्डच्या गुप्तहेर शाखेतील चार अधिकाऱ्यांवर खटला चालला. शर्यतींवर पैसे लावण्याच्या नावाखाली बेन्सन आणि कर या दोन ठगांच्या टोळीने एका श्रीमंत फ्रेंच बाईला गंडवले होते, आणि तपास कुठवर आला आहे याची खबर या टोळीला यार्डातूनच मिळत होती. बेन्सन रॉटरडॅमला पकडला गेला तेव्हा तर, हे आम्हाला हवे असलेले लोक नव्हेत, अशा आशयाची खोटी तार लंडनहून तिथल्या पोलिसांना गेली. मिकलजॉन, ड्रस्कोविच आणि पामर यांना प्रत्येकी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. क्लार्क निर्दोष सुटले. पुढच्याच वर्षी गुप्तहेर शाखेची फेररचना करून सीआयडी स्थापन झाली. सुटकेनंतर मिकलजॉनने खासगी चौकशीचाच व्यवसाय केला, म्हणजे तुमच्या नायकासारखा माणूस प्रत्यक्षात होऊन गेला आहे.

नांदेडहून एक वकील:
गिऱ्हाईक कुठून येई, हेही कथेत दाखवा. 1857 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये घटस्फोटासाठी स्वतंत्र न्यायालय आले. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखी आणखी एखादी बाब सिद्ध करावी लागे, आणि हा अन्याय वाचताना आजही संताप येतो. हॉटेलातील मोलकरीण, गाडीवान, घरगडी यांना गाठून साक्ष जमवणारा माणूस त्यासाठी हवा असे. या व्यवसायाला परवान्याची अट नव्हती.

लातूरच्या वाचक ताई:
सर, माझे मत थोडे वेगळे आहे. लाचखोर नायकापेक्षा यार्डचेच गुप्तहेर जोनाथन व्हिचर यांचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. 1860 मध्ये रोड हिल हाउस या इंग्लंडमधील घरातील चिमुकल्या मुलाच्या खुनाबद्दल त्यांनी त्याच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीला, कॉन्स्टन्स केंटला, अटक केली. तिचा रात्री घालायचा एक झगा गायब होता, एवढाच काय तो धागा हाती होता. मुलगी सुटली, आणि एका खालच्या थरातल्या पोलिसाने खानदानी घरातील मुलीवर बालंट घेतले म्हणून व्हिचरांवर चहूकडून टीकेची झोड उठली. 1864 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1865 मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःच गुन्हा कबूल केला.

अंबाजोगाईकर:
ताई, मनापासून आभार. व्हिचरांनी पुढे खासगी कामे केली का?

लातूरच्या वाचक ताई:
हो. टिचबोर्न या श्रीमंत इंग्रज घराण्याचा वारस म्हणवणाऱ्या माणसाची चौकशी त्यांनी केली. हा माणूस 1866 च्या नाताळात लंडनला पोहोचताच वॉपिंगमध्ये जाऊन ऑर्टन नावाच्या खाटकाच्या कुटुंबाची विचारपूस करून आला होता, हे त्यांनी त्याच वस्तीत फिरून हुडकून काढले. पुढे तो त्याच कुटुंबातील आर्थर ऑर्टन असल्याचे न्यायालयाने मानले आणि 1874 मध्ये त्याला 14 वर्षांची शिक्षा झाली. तुमच्या नायकाला असेच एखादे काम द्या, म्हणजे त्याचे कसब वाचकाला दिसेल आणि संपादकांचीही खात्री पटेल.