साठच्या वर पुस्तकं, कथेत तीन वर्षं: 'इन डेथ' मालिका किती ताणायची?

कॉफीखोर: जे. डी. रॉब (म्हणजे टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन कादंबरीकार नोरा रॉबर्ट्सच) यांचं 'नेकेड इन डेथ', मालिकेतलं पहिलं, १९९५ साली आलं. काळ २०५८, गाव न्यूयॉर्क. खुनांचा तपास करणारी लेफ्टनंट ईव्ह डॅलस आणि त्याच केसमधला संशयित, अब्जाधीश रोर्क. २०२५मध्ये साठावं आलं, तरी कथेत अजून २०६१च! म्हणजे दर अठरा दिवसांनी एक गाजणारी केस. मी पंचविसाव्यावर पुस्तक मिटलं. आता नुसतं दळण चाललंय.

रात्रपाळी: असहमत. काळ मुद्दाम रेंगाळत ठेवलाय. आठ वर्षांची, जबर मारहाण झालेली पोर, म्हणजे हीच ईव्ह, डॅलस शहरातल्या गल्लीत सापडते, शहराचंच नाव तिला आडनाव म्हणून चिकटतं. असली जखम दोन पुस्तकांत भरून आली असती तर तुम्हीच नावं ठेवली असतीत. आणि सगळं जागच्या जागी आहे असंही नाही. ईव्हची मदतनीस पीबॉडी गणवेशातली साधी पोलीस होती, ती डिटेक्टिव्ह झाली.

पिंपळपान: जखमेबद्दल तक्रार नाही हो, माझी तक्रार भविष्याबद्दल आहे. पहिल्या पुस्तकात बंदुकांवर बंदी आहे आणि खून होतात जुन्या, संग्रहातल्या बंदुकांनी. रोर्क असल्या बंदुका जमवतो, म्हणून संशय त्याच्यावर. म्हणजे २०५८ साल काढून घेतलं तर रहस्यच उरत नाही. खरी कॉफी इतकी महाग की त्याने पाठवलेल्या कॉफीवर बाई विरघळते, हेही त्याच जगातलं. पुढे पुढे मात्र ऑटोशेफ (जेवण देणारं यंत्र) आणि ड्रॉइड (यंत्रमानव) भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे नुसते लटकलेले. खून आजच्या कुठल्याही शहरात घडवले तरी चालतील.

रात्रपाळी: हे मान्य करावं लागेल. पण मी गॅजेटांसाठी वाचतच नाही. प्रेमकथा एरवी लग्नापाशी संपतात, इथे तिसऱ्यात लग्न, चौथ्याच्या सुरुवातीला हनिमून. उरलेली पन्नासच्या वर पुस्तकं नुसती संसाराची. हिला पार्टीला जायचं जिवावर येतं, त्याला तिने वेळेवर जेवावं असं वाटतं. आमच्या घरी उलट आहे, ते असो.

कॉफीखोर: संसार कसला? प्रेत सापडलं ती इमारत रोर्कची, नाहीतर कंपनी तरी रोर्कची. कुलूप उघडायला रोर्क, संगणक हॅक करायला रोर्क. पोलीस खातं हवंय कशाला?

पिंपळपान: बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तेव्हा आपल्या आजोबांनी असले हिशोब मांडले नव्हते.

कॉफीखोर: त्या एका बैठकीत संपायच्या. ही जाडजूड आहेत.

नवखा: मी एकही वाचलेलं नाही. सुरू करू का? मधलंच एखादं उचललं तर चालेल?

रात्रपाळी: केस कळेल, माणसं कळणार नाहीत. पहिल्यापासूनच घ्या.

कॉफीखोर: पहिली तीन वाचा. लग्न लागतं, तिथेच थांबा.

रात्रपाळी: थांबून दाखवा! तुम्ही स्वतः पंचविसापर्यंत गेलात ना?